विमा नसताना दातांचे उपचार: खिशाला परवडणारी वाट कशी शोधायची

पॅडवर चार ओळी होत्या. दोन रूट कॅनाल, १०,०००. दोन झिर्कोनिया कॅप, १८,०००. एक इम्प्लांट, ३५,०००. क्लीनिंग, १,५००. खाली दोन रेघा मारून बेरीज: ६४,५०० रुपये.

आईने कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डावीकडून चावता येत नाही, एवढंच ना? उजवीकडून चावेन."

पुढच्या चार महिन्यांत त्याच तोंडाचं काम एका डेंटल कॉलेजात ४,३०० रुपयांत झालं. फेऱ्या मात्र नऊ झाल्या, आणि प्रत्येक फेरीला अर्धा दिवस गेला. पहिल्या डॉक्टरांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या परीने सगळ्यात टिकाऊ काम सुचवलं होतं. पण दोनपैकी एका दाढेला रूट कॅनालची गरजच नव्हती, सिमेंट भरून भागलं, आणि इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या दाताच्या जागी काढता-घालता येणारा दात आईला चालला. उरलेला फरक आम्ही फेऱ्यांत भरला. तुमच्याकडे पैसे आहेत की वेळ, आणि दोन्ही कमी असतील तर आधी काय करायचं, हे ठरवता यावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कुठल्या योजनेत तुम्ही आधीच आहात का, ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दात वगळतात. अपघातात दात किंवा जबडा मोडला आणि दाखल व्हावं लागलं तरच पैसे मिळतात. म्हणजे हातात पॉलिसी असलेला माणूसही दाढेच्या बाबतीत बिनविम्याचाच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी ओपीडीचं कलम असतं आणि त्यात दात येतात. एचआरला एक मेल टाकून विचारा, कारण स्वतःहून कोणी सांगत नाही.

लोक सगळ्यात जास्त विसरतात ते ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयचे ०.७५ टक्के कापलेले दिसत असतील, तर तुम्ही आणि घरची अवलंबून माणसं राज्य विमा रुग्णालयात उपचार घेऊ शकता. सिक्युरिटी गार्ड, मॉलमधली मुलं, कारखान्यातले कंत्राटी कामगार या सगळ्यांचे पैसे दरमहा कापले जातात आणि दाढ दुखली की तेच लोक खासगीत खिसा रिकामा करतात. मुंबईत अंधेरी, मुलुंड, कांदिवली, पुण्याकडे चिंचवडला मोहननगर आणि बिबवेवाडी इथे ही रुग्णालयं आहेत. दात काढणं, भरणं, साफ करणं अशी साधी कामं तिथल्या दंतविभागात होतात. ई-पहचान कार्ड, म्हणजे या विम्याचं ओळखपत्र, काढून ठेवा. मालक देत नसेल तर मागून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे म्हणून लोक रेशनकार्ड घेऊन रूट कॅनालला जातात आणि परत येतात. नेहमीचे दंतोपचार त्यात बसत नाहीत. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कर्करोग अशा मोठ्या, दाखल होऊन करायच्या गोष्टी असतील तर मात्र रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला जरूर गाठा.

किती घाई आहे, हे आधी ठरवा

गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, आवाज बदललाय, श्वास लागतो. यातलं काही असेल तर स्वस्त-महाग विचार करायचा नाही. दाढेचा पू गळ्याकडे उतरला की जिवावर बेततं. रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

दुसरी न थांबायची गोष्ट म्हणजे दोन आठवडे उलटूनही न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा हळूहळू कमी उघडायला लागलेलं तोंड. घरात कोणी तंबाखू, गुटखा किंवा मिश्री लावत असेल तर आणखीच. मिश्रीला आपल्याकडे बायका व्यसन मानत नाहीत, 'दात घासायचं' मानतात. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. ही तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या, लगेच.

बाकीचं दुखणं दोन प्रकारचं. गार पाणी लागलं की कळ येते आणि पाणी गिळलं की जाते, अशी अवस्था असेल तर बरेचदा सिमेंट भरून काम होतं. कळ बराच वेळ रेंगाळते, गरम चहाने ठणका वाढतो, रात्री झोपेतून जाग येते, असं झालं की कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. मग रूट कॅनाल, म्हणजे ती नस काढून आतली पोकळी साफ करून भरणं, किंवा दात काढणं. या दोन अवस्थांत मध्ये काही महिनेच असतात आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून 'अजून सहन होतंय' ही उपचाराची सगळ्यात स्वस्त वेळ.

मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊन ठणका बसवणारे पुष्कळ भेटतात. सूज उतरते, दाढ शांत होते, कीड तिथेच राहते आणि महिना-दोन महिन्यांनी सणावाराच्या दिवशी पुन्हा सुरू. दुखण्याची गोळी गालात दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा जरासा बोळा तात्पुरता चालतो, बाटली ओतू नका.

दाताचा नंबर आणि एक्स-रेची प्रत: दोन फुकटच्या गोष्टी

डॉक्टर कागदावर ४६, २६ असे आकडे लिहितात. पहिला आकडा तोंडाचा कोपरा: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजलेला क्रमांक. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. उजवं-डावं पेशंटचं, समोर उभ्या माणसाचं नव्हे.

हे कळलं की दोन दवाखान्यांचे कागद शेजारी ठेवून ताडता येतात. आमच्या बाबतीत गोम इथेच सापडली. पहिल्या कागदावर ३६ आणि ३७ दोन्हींना रूट कॅनाल लिहिलं होतं. कॉलेजच्या बाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि ३७ वर पेनाचं टोक ठेवून म्हणाल्या, "हिची कीड अजून वरवर आहे."

एक्स-रेचे पैसे तुम्ही दिलेले असतात, तेव्हा प्रत मागा. आता बहुतेक ठिकाणी संगणकावर निघतो, व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो दुसऱ्या डॉक्टरला दाखवलात तर पुन्हा काढायची वेळ क्वचितच येते. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी काहीच नसल्यापेक्षा बरा.

डेंटल कॉलेज: जिथे खरी बचत होते

लोक कॉलेज म्हटलं की बिचकतात. "शिकाऊ पोरं हात साफ करणार" ही भीती. ती समजण्यासारखी आहे, पण तिथे काम कसं चालतं हे पाहिलं की निम्मी जाते.

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी: चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलं दात काढणं, भरणं, साफ करणं, कवळी बनवणं ही कामं करतात. त्यानंतर एमडीएसची तीन वर्षं. ही मंडळी म्हणजे 'पीजी', पूर्ण डॉक्टर झालेले, एका विषयात तज्ज्ञ होत असलेले. दाढांचं रूट कॅनाल, अक्कलदाढेचं ऑपरेशन ही अवघड कामं बहुधा त्यांच्याकडे जातात. प्रत्येक पायरीवर शिक्षक येऊन तपासतात, सही करतात, मगच पुढची पायरी. त्यामुळे वेळ लागतो. आणि विद्यार्थ्यांना ठरावीक संख्येने केसेस पूर्ण कराव्याच लागतात, त्याला ते कोटा म्हणतात. त्यामुळे पेशंटची गरज त्यांनाही असते, हे लक्षात ठेवा. तुम्ही काही उपकार मागायला गेलेले नसता.

सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालयं मोजकी आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारात, छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात. गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. खासगी आणि अभिमत महाविद्यालयं जास्त: पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील; नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे; नाशकात पंचवटी; शिवाय लोणी, कराड, सांगली, लातूर, वर्ध्याजवळ सावंगी. सीमेपलीकडच्या मराठी घरांसाठी बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय. सरकारीत दर सगळ्यात कमी आणि गर्दी सगळ्यात जास्त. खासगीत साध्या कामांचे दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी. शहराबाहेरची काही कॉलेजं पेशंट आणायला गावोगाव स्वतःची बस पाठवतात. फोन करून विचारायला लाजू नका.

पहिला दिवस असा जातो. साडेआठच्या सुमारास पोचायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. ओळखपत्र लागतं. केसपेपर निघाला की ओरल मेडिसीन विभागात पाठवतात. तिथे एक विद्यार्थी सगळं तोंड तपासतो, दाताला बारीक आरशाच्या दांडीने टकटक करतो, मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या विचारतो, एक्स-रे लिहून देतो. एक्स-रे घेऊन परत आलात की कागदावर पुढच्या विभागांची नावं पडतात. एंडो म्हणजे रूट कॅनाल आणि दात भरणं, पेरिओ म्हणजे हिरड्या आणि सफाई, प्रोस्थो म्हणजे कॅप आणि कवळ्या, ओरल सर्जरी म्हणजे दात काढणं, पेडो म्हणजे लहान मुलं. त्या दिवशी प्रत्यक्ष काम होईलच असं नाही. ठणका असेल तर मात्र स्पष्ट सांगा, दाढ उघडून आराम देतात.

आईला मिळालेली पीजी मुलगी लातूरकडची होती. पहिल्याच दिवशी तिने तोंडावर हिरव्या रबराचा पडदा ताणून बसवला, त्यातल्या भोकातून फक्त एक दाढ वर डोकावत होती. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "आजी, थुंकी आत जायला नको आणि सुई तुमच्या घशात पडायला नको, म्हणून लावलंय. नाकाने श्वास घ्या," एवढं तिने सांगितलं. हा पडदा लावायला वेळ जातो, म्हणून घाईच्या दवाखान्यात तो दिसत नाही. आईचे आधीचे दोन रूट कॅनाल खासगीत झाले होते. पडदा तिने तिथे कधी पाहिला नव्हता.

आता काही गोष्टी ज्या कोणी फलकावर लिहीत नाही:

मोठं काम शक्यतो पीजीकडे द्यायला सांगा. इंटर्न दर थोड्या दिवसांनी विभाग बदलतो, मग तुमची अर्धी केस दुसऱ्याच्या गळ्यात पडते. पीजी तीन वर्षं त्याच विभागात असतो.

विद्यार्थ्याचा फोन नंबर घ्या आणि निघण्यापूर्वी फोन करा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी सत्रात असतात. त्या दिवसांत हेलपाटा पडतो. उलट परीक्षेच्या आधी कोटा राहिलेली मुलं स्वतः फोन करून बोलावतात, कधी गाडीभाडंही देऊ करतात.

शुगर आणि बीपी आटोक्यात नसेल तर दात काढत नाहीत, परत पाठवतात. आमची एक फेरी अशीच वाया गेली. आई 'दात काढायचाय, उपाशी जावं' म्हणून न खाता, बीपीची गोळी न घेता आली होती. खाऊन जा, रोजची गोळी घेऊन जा, ताजा शुगरचा रिपोर्ट सोबत ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, नाव दाखवा आणि विचारा. हाडं ठिसूळ झाल्याचं औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, दात काढल्यावर जबडा भरून यायला त्याचा अडथळा होऊ शकतो.

फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक बसतात. पिवळं रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन त्यांना भेटा. फी कमी करायचा किंवा माफ करायचा शेरा ते केसपेपरवर मारून घेऊ शकतात. ही खिडकी कुठे आहे हे बाहेरच्या मावशींना विचारलेलं बरं, पाट्या सापडत नाहीत.

कॉलेज दूर असेल तर

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. यात जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र येतं. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं वेगळ्या खात्यांची, त्यांचे दर वेगळे. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. दात काढणं, सिमेंट भरणं, सफाई तिथे होते. कॅप आणि कवळीची अपेक्षा ठेवू नका. जाण्यापूर्वी दंतशल्यचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात हे विचारून घ्या, तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातले मोजकेच वार असू शकतात.

मुंबईत केईएम, सायन, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत दंतविभाग आहेत. पुण्यात ससूनमध्ये आहे. शहरांत जुन्या धर्मादाय संस्थांचे, गुरुद्वारांचे, जैन आणि मारवाडी ट्रस्टचे दवाखाने असतात आणि त्यांत संध्याकाळी दंतवैद्य बसतात. त्यांची जाहिरात नसते. गल्लीतल्या रिक्षावाल्याला किंवा किराणावाल्याला विचारलं की पत्ता मिळतो. तपासणी नाममात्र पैशांत होते, कामाचे दर बाहेरच्यापेक्षा उतरलेले असतात.

शिबिरांबद्दल माझं मत मिश्र आहे. गणपतीत, नगरसेवकाच्या वाढदिवसाला मोफत दंत तपासणी होते, टूथपेस्टची पुडी मिळते. डेंटल कॉलेजने लावलेलं शिबिर असेल तर त्यांची चिठ्ठी जपून ठेवा, ती दाखवून कॉलेजात सवलत मिळण्याची शक्यता असते. खासगी दवाखान्याने लावलेलं असेल तर ते गिऱ्हाईक गोळा करायला लावलेलं आहे हे मनात ठेवून जा. तपासणी करून घ्या, तिथल्या तिथे पैसे भरू नका.

लहान मुलांचं आणखी एक. ० ते १८ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्यांच्या यादीत दातांच्या तक्रारी आहेत आणि फाटलेले ओठ-टाळूही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. किडली तर 'पडेल आणि दुसरी येईल' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही आणि दुसरी येत नाही. जन्मभराची दाढ असते ती. कॉलेजच्या पेडो विभागात तिच्या खाचा बुजवून देतात, त्याला सीलंट म्हणतात.

खासगी दवाखान्यात पैशांचं कसं बोलायचं

सुट्ट्या मिळत नाहीत, घरी लहान मूल आहे, कॉलेज सत्तर किलोमीटरवर आहे, अशा वेळी खासगीच बरं. रोजंदारी बुडवून नऊ फेऱ्या मारण्यात कसली बचत?

डॉक्टरशी भाजीसारखी घासाघीस करू नका. "थोडं कमी करा ना" म्हटलं की पाचशे रुपये उतरतात आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारा: "डॉक्टर, आत्ता आमच्याकडे आठ हजार आहेत. यात काय करायलाच हवं आणि काय सहा महिने थांबलं तर चालेल?" या एका प्रश्नाने चार ओळींच्या कागदाची दीड ओळ होते. बहुतेक डॉक्टर सरळ उत्तर देतात. उत्तर न देता "सगळंच करावं लागेल" म्हणणाऱ्याकडून कागद घ्या आणि दुसरीकडे दाखवा.

क्रम साधारण असा लावा: आधी पू, ठणका, न वाचणारे दात, मग छोट्या किडी भरून घेणं, कारण त्या वाढल्या की खर्च वाढतो, मग हिरड्यांची सफाई, मग कॅप, गेलेल्या दाताची जागा भरणं त्यानंतर. दात पांढरे करून घेणं सगळ्यात शेवटी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. ती घाण नव्हे, सफाईने जात नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कॅपचं साहित्य हा किमतीचा मोठा फरक. मागच्या दाढेला साधी धातूची, चांदीसारखी दिसणारी कॅप सगळ्यात स्वस्त, भक्कम आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. हसताना दिसत नाही तिथे ती उत्तम. दर्शनी दाताला सिरॅमिक लागतं. दवाखान्यात धातूचा पर्याय कोणी काढतच नाही, तुम्हालाच विचारावं लागतं. गेलेल्या दाताचंही तसंच: काढता-घालता येणारा दात सगळ्यात स्वस्त, मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का दात, मग इम्प्लांट. ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, हे आधी समजून घ्या.

पैसे सिटिंगप्रमाणे द्या. रूट कॅनालच्या तीन सिटिंग असतील तर तीन हप्ते, कॅपचं माप घेताना कॅपचे निम्मे. 'बिनव्याजी ईएमआय' म्हणून जे देतात ते प्रत्यक्षात कर्ज असतं. कंपनी दवाखान्याला एकरकमी पैसे देते. उपचार मध्येच थांबले, डॉक्टर बदलला, तरी तुमचा हप्ता चालू राहतो. प्रोसेसिंग फी वेगळी.

गावाकडचा पर्याय लोक सहज विसरतात. पुण्या-मुंबईतलं दवाखान्याचं भाडं बिलात येतंच. तालुक्याच्या गावातला बीडीएस डॉक्टर तेच काम कमी पैशांत करतो. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस गावी असाल तर रूट कॅनाल आणि कॅप उरकता येते, फक्त पोचण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवा. डिसेंबरात अमेरिकेहून येणारी आपली मंडळी हेच शहरात करतात. इम्प्लांट मात्र तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुरं होत नाही. हाडात स्क्रू रुजायला साधारण तीन ते सहा महिने जातात.

बिलं जपा. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या वैद्यकीय खर्चाला जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, पैसे रोखीने दिलेले नसले तर. आईवडिलांचा खर्च तुम्ही करत असाल तर यूपीआयने करा.

इथे काटकसर करायला जाऊ नका

रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगला दाढ उघडली की ठणका थांबतो. आणि निम्मे लोक तिथेच गायब होतात. वर कापूस आणि तात्पुरतं सिमेंट असतं, ते महिन्याभरात झिजतं, आत पुन्हा जंतू. मग तीच दाढ काढावी लागते आणि भरलेले पैसे पाण्यात. तसंच मागच्या दाढेवर कॅप टाळणं. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ असते. चकली-शेंगदाण्याने उभी चिरली की वाचत नाही. पैसे नसतील तर धातूची बसवा, पण बसवा.

बाजारात, बसस्टँडच्या बाजूला '५०० रुपयांत फिक्स दात' अशी पाटी दिसते. तिथे गुलाबी प्लास्टिकसारखं मटेरियल तारेने शेजारच्या दातांना चिकटवून देतात. खालून घासता येत नाही, अन्न सडतं, आणि वर्षा-दोन वर्षांत एकाचे चार दात हलायला लागतात. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, प्रमाणपत्र भिंतीवर हवं. अवजारांची निर्जंतुक केलेली पिशवी तुमच्यासमोर फाडली जाते का, ते बघा. इथे संकोच करू नका.

कवळीचं थोडं

दात काढल्यावर लगेच कवळीचं माप घेत नाहीत. हिरडी बसायला काही आठवडे जाऊ देतात. मग पहिलं माप, दुसरं माप, चावा कुठे बसतो ते मेणावर ठरवणं, मेणातले दात लावून बघणं, आणि कवळी. पाच-सहा फेऱ्या, शिवाय टोचतंय म्हणून घासून घ्यायला एक-दोन. मेणातले दात लावून बघायच्या दिवशी घरचं कोणीतरी सोबत न्या. रंग, आकार, हसणं, सगळं त्याच दिवशी बदलून मिळतं, नंतर नाही. माझे सासरे एकटे गेले, "छान आहे" म्हणून आले आणि आता फोटोत ओठ मिटून बसतात.

रात्री काढून पाण्यात ठेवायची, कोरडी राहिली तर आकार बिघडतो. गरम पाण्यात घालायची नाही. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवायची, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. आणि लग्नाच्या पंगतीत टोचते म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायची नाही. वाढपी ताटासकट उचलून नेतो. सासऱ्यांच्या थोरल्या भावाची अशीच गेली, इचलकरंजीला, मांडवामागच्या पिंपात आम्ही चौघांनी अर्धा तास शोधली. सापडली नाही. सोमवारी पुन्हा केसपेपरच्या रांगेत.